ॲलिस कूपरचं चरित्र कॉमिकमध्ये काढायचंय? आधी कोंबडीचं काय ते ठरवा

१३ सप्टेंबर १९६९, टोरोंटोचं व्हर्सिटी स्टेडियम. स्टेजवर उशा फाडून पिसं उडवणं चाललंय, फायर एक्स्टिंग्विशरचा पांढरा फवारा सुटलाय, आणि या गोंधळात प्रेक्षकांतून कुणीतरी चक्क एक जिवंत कोंबडी स्टेजवर फेकली. गाणारा पोरगा, म्हणजे अमेरिकन रॉक गायक ॲलिस कूपर (नाव बाईचं, माणूस पुरुष), शहरात वाढलेला, त्याला वाटलं पंख आहेत म्हणजे उडणारच, म्हणून त्याने ती उचलून परत गर्दीवर भिरकावली. ती उडाली नाही, खाली पडली, आणि पुढच्या लोकांनी तिचे तुकडे केले. दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर ॲलिस कूपरने कोंबडीचं मुंडकं दाताने तोडलं आणि रक्त प्यायलं. त्याच्या बँडचे अल्बम काढणाऱ्या फ्रँक झॅपाचा फोन आला, हे खरं का रे, हा म्हणाला नाही, तर झॅपा म्हणाला की मग हे कुणालाही सांगू नकोस. निदान ॲलिस स्वतः तरी हा किस्सा गेली कित्येक वर्षं असाच सांगतो.

मी पहिल्यांदा हे कॉमिक काढायला घेतलं तेव्हा सरळ दाताने मुंडकं तोडतानाचं पूर्ण पान काढलं होतं, कारण दिसायला भारी. एका मैत्रिणीला दाखवलं, तिने शांतपणे विचारलं की असं झालं होतं का. नाही. मग पुढच्या पानावर काय, खुलासा छापणार का? ते पान फाडलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. खाली जे लिहितोय ते त्या दुसऱ्या फेरीतलं आहे, २४ पानांचं ए५ कॉमिक, घरी बसून, एकट्याने काढायचं असं धरून.

पहिलं काम: किती आयुष्य घेणार?

सगळं घेऊ नका. हा माणूस ४ फेब्रुवारी १९४८ ला डेट्रॉइटमध्ये व्हिन्सेंट फर्निअर म्हणून जन्मला, वडील चर्चमध्ये प्रवचन करणारे, पोरगा लहान असतानाच कुटुंब ॲरिझोनात फिनिक्सला गेलं, आणि तिथून आजपर्यंत तो गातोच आहे. २४ पानांत हे सगळं कोंबलं तर शाळेच्या पुस्तकातल्या 'थोर व्यक्तींची ओळख' सारखं होतं, जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार. आपण चरित्रात्मक कॉमिक म्हटलं की अमर चित्र कथा वाचून मोठे झालोय, त्यामुळे हात आपोआप पाळण्यापासून सुरू होतो. तो हात थांबवा.

मी घेतला १९६४ ते १९७४ हा तुकडा. १९६४ ला कॉर्टेझ हायस्कूलच्या टॅलेंट शोमध्ये ही पोरं बीटल्सची नक्कल करायला विग घालून उभी राहिली, नाव ठेवलं द इअरविग्ज, आणि गंमत अशी की ग्लेन बक्स्टन सोडला तर कुणाला धड गिटार येत नव्हतं. म्हणजे आधी सोंग आलं आणि संगीत नंतर शिकले! ही एक ओळ सापडली तेव्हा मला माझं पहिलं पान मिळालं. मग द स्पायडर्स, मग नॅझ, मग कळलं की टॉड रंडग्रेनच्या बँडचं नाव पण नॅझच आहे, म्हणून १९६८ ला नवीन नाव, ॲलिस कूपर. लक्षात ठेवा, हे आधी पूर्ण बँडचं नाव होतं, पाच जणांचं: व्हिन्सेंट, ग्लेन बक्स्टन, मायकेल ब्रूस, डेनिस डनवे, नील स्मिथ. ते पाच जण १९७४ मध्ये थांबले, आणि १९७५ पासून ॲलिस कूपर म्हणजे एकटा माणूस. माझी गोष्ट तिथे संपते. एकच अपवाद केलाय, तो पुढे सांगतो.

दुसरं काम: चार रंगांची वही

पूर्ण गाईडमधलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि लोक नेमकं हेच टाळतात. एक साधी दोनशे पानी वही घ्या, सालवार प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला चारपैकी एका रंगाने खूण करा.

निळा म्हणजे पक्कं घडलेलं. टोरोंटोचा शो झाला, त्याच दिवशी तिथे जॉन लेनन पण वाजवून गेला, तारीख, जागा, सगळं नोंदलेलं. हिरवा म्हणजे 'तो असं सांगतो'. झॅपाचा फोन हिरवा. झॅपाने ऑडिशनला सातला बोलावलं आणि ही पोरं संध्याकाळऐवजी सकाळी सातला त्याच्या घरी जाऊन वाजवायला लागली, हा पण हिरवा, कारण किस्सा शंभर वेळा सांगून सांगून गुळगुळीत झालेला असतो. लाल म्हणजे अफवा. कोंबडीचं रक्त लाल. ॲलिस कूपर हे नाव जुन्या काळच्या एका चेटकिणीचं, वीजा बोर्डवर (आत्म्यांना बोलावायचा अक्षरांचा पाट) तिच्या आत्म्याने येऊन सांगितलं, हे पण लाल, त्याने स्वतःच नंतर सांगून टाकलं की नाव असंच सुचलं होतं, एखाद्या गोड म्हाताऱ्या बाईचं वाटावं असं.

चौथा रंग मला नंतर ॲड करावा लागला, नारिंगी, म्हणजे मुद्दाम घडवून आणलेलं. याचं श्रेय त्यांच्या मॅनेजरला, शेप गॉर्डनला. १९७२ ला लंडनमध्ये वेम्बलीच्या एम्पायर पूलला शो, तिकिटं खपेनात, तर या पठ्ठ्याने ट्रकवर ॲलिसचा भला मोठा फोटो लावला, अंगावर कपडे नाहीत, फक्त साप, आणि तो ट्रक ऐन गर्दीच्या वेळी पिकाडिली सर्कसमध्ये बरोब्बर बंद पडला. ट्रॅफिक जाम, पोलीस, फोटोग्राफर, दुसऱ्या दिवशी पेपर भरले, शो फुल्ल. ट्रक बंद पडला हे खरं, पण पडला नव्हता, पाडला होता. आता हे निळ्यात टाकाल का लालमध्ये? म्हणून नारिंगी.

आता हे रंग वहीतच ठेवायचे नाहीत, ते चित्रात उतरवायचे. प्रिंट ब्लॅक अँड व्हाइट असली तरी जमतं. मी असं केलं: पक्कं घडलेलं ते सरळ पट्टीने आखलेल्या चौकटीत. तो सांगतो ते हाताने ओढलेल्या थरथरत्या चौकटीत आणि कॅप्शन त्याच्याच आवाजात. अफवा असेल तर पॅनलला जुन्या वर्तमानपत्रासारखे मोठमोठे ठिपके, हाफटोन. मुद्दाम घडवलेलं असेल तर पॅनलच्या कडेला नाटकाचा पडदा थोडासा दिसतो, विंगेत गॉर्डन उभा. कुठेही समजावून सांगायचं नाही, वाचक चौथ्या पानापर्यंत आपोआप ओळखायला लागतो. आणि मग काय झालं, तर जे मुंडकं तोडतानाचं पान मी फाडलं होतं ते परत काढता आलं, हाफटोनमध्ये, समोरच्या पानावर पट्टीच्या चौकटीत खरी कोंबडी आणि गोंधळलेला २१ वर्षांचा पोरगा. दोन्ही पानं समोरासमोर. पहिल्या ड्राफ्टपेक्षा दहापट भारी दिसलं.

तिसरं काम: एक माणूस, दोन पात्रं

व्हिन्सेंट आणि ॲलिस यांची दोन वेगळी कॅरेक्टर शीट्स बनवा. तो स्वतः पण ॲलिसबद्दल बोलताना 'तो' म्हणतो, 'मी' नाही. माझ्या शीटमध्ये व्हिन्सेंटचे खांदे पडलेले, नाक मोठं, हात कुठे ठेवावे ते कळत नाही असा. ॲलिसचा कणा ताठ, मान पुढे, बोटं पसरलेली. मेकअप नसलेल्या पॅनलमध्ये पण नुसत्या सावलीवरून कोण आहे ते कळलं पाहिजे. टेस्ट सोपी आहे, दोघांची काळी सिल्हुट काढा आणि घरातल्या कुणालाही विचारा, हे दोन वेगळे लोक का एकच. माझ्या आईने 'हा बिचारा कोण आणि हा मेला कोण' असं विचारलं, पास!

मेकअप सगळीकडे एकच काढायची चूक करू नका. सुरुवातीच्या वर्षांत डोळ्यांभोवती कोळ्याच्या पायांसारख्या रेघा आहेत, नंतर डोळ्यांतून खाली ओघळल्यासारखं काळं येतं. चाहते हे लगेच पकडतात, १९७१ च्या सीनला पुढच्या काळातला मेकअप दिसला की संपलंच.

आता या पात्राचं मरण. हा मुद्दा नीट समजून घ्या, नाहीतर कॉमिक नुसतं रक्ताचं होईल. १९७१ ला स्टेजवर त्याला इलेक्ट्रिक चेअर मिळायची, मग फाशी, आणि १९७३ च्या टूरला गिलोटिन. ॲलिस स्टेजवर वाटेल ते चाळे करतो आणि शेवटी त्याला शिक्षा होतेच, रोज, प्रत्येक शोला. मग तोच पांढरा टेलकोट आणि टॉप हॅट घालून परत येतो. वडील चर्चमधले, पोरगा प्रवचनं ऐकत वाढलेला, मला तर यात ते प्रवचनच सरळ दिसतं. कोकणात रात्रभर दशावतार बघितलाय त्यांना यात काही नवीन वाटणार नाही, राक्षस आरोळ्या ठोकत येतो, सगळ्यांना पळवतो, शेवटी मरतो, आणि सकाळी तोच माणूस रंग पुसून चहा पीत बसलेला. फक्त ही तुलना कॉमिकमध्ये घालू नका, मी एक पॅनल घातलं होतं आणि ते फिनिक्सच्या गोष्टीत अगदी उपरं वाटत होतं, काढलं.

गिलोटिनबद्दल एक गोष्ट माझ्या फार आवडीची. ते बनवून दिलं जादूगार जेम्स रँडीने, आणि त्या टूरमध्ये तो स्वतः जल्लाद बनून स्टेजवर पण होता. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत वावरलेल्यांना हे नाव माहीत असेल, पुढे बुवाबाजी उघडी पाडणारा म्हणून जगभर गाजला तोच रँडी. म्हणजे लोकांना फसवणाऱ्यांच्या मागे लागलेला माणूस इथे ॲलिसचं मुंडकं उडवतोय, पण सगळ्यांना माहीत असलेली फसवणूक. याला मी एक पूर्ण पान दिलं, नेपथ्याचं पान, गिलोटिन मागून कसं दिसतं ते. ट्रिकची यंत्रणा मात्र अंदाजाने काढू नका, माहीत नसेल तिथे काळं टाका, काळं फुकट असतं.

चौथं काम: थंबनेल, आणि पान कधी उलटतं

स्क्रिप्ट आधी का थंबनेल (पानांची छोटी कच्ची रेखाटनं) आधी यावर लोक भांडतात. मी दोन्ही एकत्र करतो, ए४ कागदाच्या घड्या घालून २४ पानांची खोटी पुस्तिका बनवतो, साधारण काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आणि त्यात पेन्सिलने रेघोट्या. ही पुस्तिका हातात धरून उलटायची. स्क्रीनवर स्क्रोल करून हे कळतच नाही.

नियम एकच, धक्का नेहमी डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्याच्या. पान १ उजवीकडे येतं, पान २ उलटल्यावर दिसतं. उजव्या पानाचं शेवटचं पॅनल म्हणजे प्रश्न, उलटलं की उत्तर. माझ्याकडे पान ११ च्या शेवटच्या पॅनलमध्ये पातं वर चढलेलं आणि ॲलिसचा एक डोळा, उलटलं की १२-१३, मधलं जोडपान, पातं खाली. कोंबडीचा प्रसंग मात्र धक्क्याचा नाही, तो तुलनेचा, म्हणून तो ६-७ ला समोरासमोर.

एका पानावर पाच ते सहा पॅनल पुरे, ए५ ला नऊ पॅनलचा ग्रिड केलात तर संवादांचे फुगे मावणार नाहीत, मराठीत तर नाहीच नाही.

आणि तो मघाचा अपवाद. बँड मोडल्यावर दारू वाढत गेली, १९७७ ला तो उपचारासाठी मनोरुग्णालयात राहिला, त्यावर १९७८ ला अल्बम केला, आणि १९७९ मध्ये मार्व्हलने त्याच अल्बमवरून मार्व्हल प्रीमियरचा ५० वा अंक काढला, म्हणजे हा माणूस कॉमिकमध्ये आपल्याआधी ४० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी जाऊन आलाय. पण ८० च्या सुरुवातीला परत घसरला, आणि १९८१ ते ८३ चे अल्बम केल्याचं आपल्याला आठवतच नाही असं तो सांगतो. हे कसं काढणार? मी पान २२ पूर्ण काळं ठेवलं. सहा पॅनलच्या मधल्या पांढऱ्या रेषा, आत नुसतं काळं, खाली फक्त सालं. १९८३ ला दारू सुटली, ती कायमची. पान २३ वर गोल्फच्या मैदानावर उभा असलेला एक बारीकसा माणूस, भरपूर मोकळी जागा. हो, गोल्फ, त्याने एका व्यसनाच्या जागी दुसरं धरलं असं तोच म्हणतो.

पाचवं काम: गाणं कसं काढायचं

गाण्याचे शब्द फुग्यात लिहायचे नाहीत. एक तर हक्क (त्यावर खाली), आणि दुसरं म्हणजे छापलेले शब्द वाजत नाहीत. आवाज दाखवायला पॅनलचा आकार वापरा, ड्रम असेल तिथे बारीक उभ्या पट्ट्या एकामागोमाग एक, गिटार ताणलेलं असेल तिथे पानभर एकच आडवं पॅनल. १९७२ च्या उन्हाळ्यातलं शाळा सुटल्याचं त्यांचं गाणं, जे ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, ते मी एकही शब्द न लिहिता काढलं: वर्गाच्या घड्याळाची आठ पॅनल, प्रत्येकात काटा थोडा पुढे, आणि शेवटी रिकामा बाक.

सहावं काम: देवनागरी लेटरिंग, इथे घाई केली की सगळं पाण्यात

इंग्लिश कॉमिकचं लेटरिंग बघून शिकलेल्या प्रत्येकाची इथे वाट लागते, माझीही लागली. इंग्लिशमध्ये सगळी कॅपिटल, ओळींमध्ये जागा कमी, फुगा छोटा. आपल्याकडे वर मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, खाली उकार, रफार वेगळाच, त्यामुळे दोन ओळींत अंतर भरपूर लागतं. आधी फुगे काढून नंतर मजकूर बसवायचा नाही, आधी मजकूर टाइप करून जागेवर ठेवा, भोवती फुगा काढा, मग उरलेल्या जागेत चित्र. ए५ ला ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

फाँट निवडताना सगळ्यात आधी नायकाचं नाव टाइप करून बघा. गंमत नाही. 'ॲ' हे अक्षर जुन्या फाँटमध्ये नसतं किंवा चौकोन येतो, नाहीतर अ वर चंद्र वेगळा तरंगत बसतो, आणि आपल्या पुस्तकात ते नाव दोनशे वेळा येणार आहे. दुसरं, ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा, चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय आपला ल येत नाही. मुक्त, बालू, कलम हे फाँट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, मी संवादाला कलम वापरला कारण हातच्या अक्षराच्या जवळ जातो, कॅप्शनला मुक्त. ॲडोबीचं सॉफ्टवेअर असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. अक्षरांतली जागा वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाला दात पडल्यासारखे दिसतात. जोर द्यायचा तर बोल्ड करा, तिरकं नको.

पण याच शिरोरेषेने मला पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट दिली. साउंड इफेक्ट फाँटने करायचे नाहीत, हाताने काढायचे. १२-१३ वर पातं पडतं त्याचा आवाज मी 'खच्चाक' असा लिहिला, आणि त्या शब्दाची शिरोरेषा म्हणजेच गिलोटिनचं पातं, पूर्ण जोडपानावर आडवी, अक्षरं तिला लटकलेली. इंग्लिशमध्ये हे करून दाखवा म्हणावं.

बोली कुठली? व्हिन्सेंट आणि बँडची पोरं एकमेकांना अरे-तुरे करणार हे उघड आहे. अडलं ते वडिलांशी. 'डॅड, तुम्ही' लिहिलं की डब केलेल्या सिनेमासारखं वाटतं, 'बाबा' लिहिलं की फर्निअर कुटुंब सदाशिव पेठेत राहायला येतं. शेवटी 'डॅड, तू' वर थांबलो.

हक्कांचं थोडक्यात

मी वकील नाही, विकणार असाल तर खऱ्या वकिलाला विचारा. पण साधी काळजी: गाण्याचे बोल नकोत, भारतात लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क असतो आणि इथे तर ॲलिससकट बहुतेक मंडळी हयात आहेत. गाण्याचं नाव लिहायला हरकत नसते. फोटो ट्रेस करू नका, तो फोटोग्राफरचा असतो, पाच-सहा फोटो आणि शोचे व्हिडिओ बघून स्वतःचा अँगल काढा. बँडचा लोगो जसाच्या तसा कव्हरवर नको. 'अनधिकृत' असा शब्द कव्हरवर स्पष्ट टाका. आणि ती चार रंगांची वही जपून ठेवा, कुणी विचारलं की हे कुठून आणलं तर उत्तर तयार पाहिजे.

छपाई

लाइन आर्ट ६०० डीपीआयला स्कॅन करा, ग्रे शेड असेल तर ३०० चालतं. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी चित्राची जादा कड. पानं ४ च्या पटीत. छोटी अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शाया मिसळून काळं केलं तर अक्षराला रंगीत सावली येते. आतला कागद १०० जीएसएम मॅपलिथो घ्या, आर्ट पेपरवर एवढं काळं चमकतं आणि बोटांचे ठसे उठतात. पान २२ सारखं पूर्ण काळं असेल तर मागच्या बाजूला उतरतं का ते आधी एका प्रतीवर बघा.

एक प्रत आधी काढून घ्या हे सगळे सांगतात आणि मी पण सांगतो, कारण मी काढली नव्हती. सरळ ५० छापल्या. प्रेसवाल्याने सेंटर पिन मारल्या, दोन पिना, आणि मधल्या जोडपानावर वरची पिन बरोब्बर ॲलिसच्या डोळ्यातून गेली. चूक त्याची नाही, पिना कुठे येतात हे मी विचारलंच नव्हतं. आता दुसऱ्या आवृत्तीसाठी कव्हरच्या कडेपासून दोन्ही पिनांचं अंतर मोजून घेतलंय, गिलोटिन चार सेंटीमीटर डावीकडे सरकवलंय, आणि घडीवर गिलोटिनचा उजवा खांब आणलाय, म्हणजे पिना लाकडात ठोकलेल्या खिळ्यांसारख्या दिसतील.